पिंपातली दुमड

नर्सबाईंनी पिंपात कोपरापर्यंत हात घालून चिठ्ठी काढली आणि पत्रेवालिणीचं नाव वाचलं, तेव्हा दवाखान्यापुढच्या पटांगणात कुणी टाळी वाजवली नाही. अध्यक्षांनी तेवढ्या दोन वाजवल्या, आजूबाजूला पाहिलं आणि हात पाठीमागे नेले. सगळ्या माना एकाच वेळी वळल्या, पण पत्रेवालिणीकडे नाही. पत्रेवाल्याकडे. कारण ते पिंप त्यानेच बनवलं होतं.

"ठोक्याच्याच घरी गेली म्हणायची गाय," मागून कुणीतरी म्हणालं. दिवसभर हातोडी चालवतो म्हणून गाव त्याला ठोक्या म्हणायचं, पण तोंडावर कधी नाही. त्या दिवशी पहिल्यांदा तोंडावर म्हणालं.

गेल्या वादळात दवाखान्यातल्या बाळंतिणीच्या खोलीचं छप्पर उडालं होतं. तेव्हापासून बायका चटयांच्या आडोशाने बाळंत होत होत्या. दवाखान्याच्या मदतीसाठी गावात एक संस्था होती, अध्यक्ष तिचेच. तिने सोडत काढायचं ठरवलं. एका बागायतदाराने बक्षीस म्हणून गाभण कालवड दिली. आता सोडत म्हणजे शेवटी जुगारच. पण काम धर्मादाय असेल तर सरकार परवाना देतं आणि परवान्याबरोबर नियमांची पाटीही हातात ठेवतं. ती पाटी दवाखान्याच्या दाराला ठोकली होती. सोडत चालवणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी तिकीट घ्यायचं नाही. सोडतीच्या कामाचे ज्याने पैसे घेतले त्यानेही घ्यायचं नाही. चिठ्ठी सगळ्यांसमोर निघाली पाहिजे आणि प्रत्येक तिकिटाला सारखी संधी मिळाली पाहिजे. गावाने पाटी नीट वाचली ती सोडत झाल्यावर.

पत्रेवाल्याने पिंपाचा एक पैसा घेतला नव्हता. पाऊस दडी मारून बसला होता, शेतं उघडी पडली होती, आणि धान्यच नाही तर धान्याच्या कोठ्या कोण बनवून घेणार? हात रिकामे होते, पत्रा पडून होता, म्हणून त्याने दवाखान्याला पिंप बनवून दिलं. फुकट दिलं हेच आता लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागलं. पत्रेवाल्याने फुकट कशाला दिलं असेल?

त्यात अध्यक्षांनी एक घोळ घालून ठेवला होता. सोडतीच्या दिवशी सकाळी पिंपाचं झाकण अडकलं. अध्यक्षांनी पत्रेवाल्याला दवाखान्यात बोलवायचं, तर त्यांनी चिठ्ठ्यांनी भरलेलं पिंपच हातगाडीवर घालून त्याच्या घरी पाठवलं. ते घरात शिरताना अर्ध्या गावाने पाहिलं, बाहेर पडतानाही पाहिलं. मधल्या वेळात आत काय झालं ते कुणी पाहिलं नाही, म्हणून ज्याने त्याने आपापल्या अकलेप्रमाणे ते भरून काढलं.

कालवड दारात आली तेव्हा म्हातारी सासू उंबऱ्यात बसली होती. "कुणाची गं ही?" तिने विचारलं.

"आपली, आई. सोडतीत लागली."

"तू तिकीट कधी घेतलंस?" हा प्रश्न पत्रेवाल्याचा होता. तो कालवडीकडे बघतही नव्हता, बायकोकडे बघत होता.

"विक्री संपायच्या दिवशी, संध्याकाळी. अंड्यांच्या पैशातून," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून बोलले नाही."

त्याने ऐरणीवर एक जुनी चाळणी ठेवली आणि ठोकत बसला. त्या चाळणीला ठोकायची काही गरज नव्हती, हे पत्रेवालिणीने पाहिलं. तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

दूधवालीने तक्रार केली. गावाला दूध घालणारी ही बाई. घरात गोठा मोठा, पण दुष्काळात दोन जनावरं आटलेली. तिने विक्रीच्या पहिल्याच दिवशी गड्डीभर तिकिटं घेतली होती आणि कालवडीसाठी गोठ्यात जागासुद्धा सारवून ठेवली होती. तिचा अर्ज वरच्या कचेरीत गेला आणि तिकडून हुकूम आला. चौकशी होईपर्यंत जनावर ज्याच्या नावाने निघालं त्याने सांभाळायचं, पण विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, आणि त्याच्यापासून जे उत्पन्न होईल ते दवाखान्याला द्यायचं.

"म्हणजे शेण आपण काढायचं आणि दूध त्यांनी प्यायचं," म्हातारी म्हणाली. "भारी बक्षीस लागलं बाई तुला!"

वैरण कुठेच नव्हती. पत्रेवालीण उजाडताना विळा घेऊन बाहेर पडायची. ओढ्याच्या कोरड्या पात्रात दगडांच्या सावलीला जे काही हिरवं-पिवळं टिकलं होतं ते कापायची. गवत इतकं आखूड की विळा मातीवर घासायचा आणि बोटं सोलायची. भारा डोक्यावर घेऊन परत येईपर्यंत मानेची शीर दुखायला लागायची. वाटेत भेटणाऱ्या बायका पूर्वी भाऱ्याला हात लावायच्या. आता बाजूला होऊन वाट देत होत्या, आणि ती पुढे गेली की बोलत होत्या.

"नशीब लागतं बाई."

"नशीब कसलं? कातर आणि हातोडी."

तिला सगळं ऐकू यायचं. मागे वळून भांडावं असं वाटायचं, पण काय म्हणून भांडणार? नवऱ्याने काहीच केलं नाही असं ओरडून सांगायचं, तर आधी तिला स्वतःला त्याची खात्री हवी होती. ती नव्हती. हेच तिला खात होतं. झाकण घासायला पिंप घरी आलं तेव्हा ती पाणी आणायला आत गेली होती, आणि तेवढा वेळ तो पिंपापाशी एकटा होता. तिच्या तिकिटाची अर्धी चिठ्ठी पिंपात होतीच. ती वर काढून ठेवायला कितीसा वेळ लागतो?

पण तिकीट घेतल्याचं तर त्याला माहीत नव्हतं. की माहीत होतं? तिकिटाचं उरलेलं अर्धुक तिने मिठाच्या बरणीमागे ठेवलं होतं. मीठ तोही घेतो. मग दारात त्याने विचारलं ते सोंग होतं का? अशा विचारांना अंत नसतो. ती विळा दगडावर घासायची आणि पुन्हा कापायला लागायची.

कालवड व्यायली भर दुपारी. सकाळपासून ती ऊठबस करत होती, शेपूट वर धरत होती. पत्रेवालिणीने गोठ्याच्या दाराला पोतं लावलं आणि तिच्या पाठीशी बसली. आधी पुढचे दोन खूर दिसले, मग त्यांच्यावर टेकलेलं नाक, आणि मग सगळं अडकून राहिलं. पहिलारू जनावर, कळा देऊन थकलं होतं. घामाने पत्रेवालिणीचे हात निसटत होते. तिने पदर हाताला गुंडाळला आणि कळ आली की ओढायची, कळ थांबली की थांबायची.

"अहो!" ती ओरडली. "या ना जरा इकडे!"

पत्रेवाला गोठ्याच्या दाराशी आला आणि तिथेच उभा राहिला. "मी हात लावणार नाही त्या जनावराला," तो म्हणाला.

"मरेल ती!"

मग मात्र तो आत आला. दोघांनी मिळून ओढलं तेव्हा वासरू एकदम बाहेर आलं आणि दोघंही मागे शेणात पडली. पत्रेवालिणीने वासराच्या नाकातला चिकटा काढला, तोंडात फुंकर घातली. ते शिंकलं. ती हसायला लागली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं, तर तो उठून हात धुवायला निघून गेला होता. चोरीच्या मालाला हात लागल्यासारखा धूत होता. तिचं हसू तिथेच आटलं.

गाईची वार पडेपर्यंत ती गोठ्यात बसून राहिली. नंतर गाय उठली, वासराला चाटू लागली, आणि जिभेची एक चाट पत्रेवालिणीच्या दंडावरूनही फिरली. त्या दिवसापासून गाय तिच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देईना.

चीक वासराच्या पोटात गेला. दूध नितळ व्हायला लागल्यावर ती रोज सकाळी धार काढून बादली दवाखान्यात पोचवायची. घरात थेंब ठेवत नव्हती. म्हातारीला दम्याचा त्रास होता, तिचा डोळा बादलीवर असायचा.

"वाटीभर काढलंस तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल, आई."

"तुला कळून काय होतंय? तू काय साहेब आहेस?"

दवाखान्यात नर्सबाई बादलीत बोट बुडवून नखावरून थेंब ओघळू द्यायच्या. पाणी घातलंय का ते बघायच्या. नर्सबाई वाईट नव्हत्या. पण अध्यक्ष बाजूला उभे असायचे, आणि अध्यक्षांना हल्ली सगळ्यांसमोर कडक दिसायची गरज पडत होती. पिंप आपणच त्याच्या घरी धाडलं हे लोकांनी विसरावं म्हणून ते पत्रेवालिणीवर डाफरायचे. "रोजचं दूध सारखं का नाही? काल जास्त होतं."

"काल ओढ्याला गवत मिळालं होतं. आज पाल्यावर भागवलं."

"असं होय," अध्यक्ष म्हणायचे, आणि त्या दोन शब्दांत तिला चोर ठरवून आत जायचे.

एके दिवशी बादली रिकामी होईपर्यंत ती व्हरांड्यात उभी होती. तिथे कोपऱ्यात पिंप पडलेलं होतं, आडवं, त्याच्या दोन लाकडी टेकूंवर. सोडत झाल्यावर पिंप उलटं करून चिठ्ठ्या पोत्यात भरल्या होत्या, पोत्याला लाख लावली होती. पिंपाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यावर धूळ बसली होती. नवऱ्याचं काम म्हणून तिने पदराने धूळ पुसली. तशी धूळ ती घरातल्या कोठ्यांचीही पुसायची. पिंप टेकूंवर थोडं फिरलं.

आत काहीतरी सळसळलं.

तिने पिंप पुन्हा फिरवलं. वाळका पाचोळा हलावा तसा बारीक आवाज आला, आणि तो तळातून नव्हता, कडेकडून होता. तिने झाकण उघडून आत पाहिलं. रिकामं. हात घातला, रिकामं. पण फिरवलं की सळसळ. चोरकप्पा, तिला वाटलं. लोक म्हणतात ते खरं आहे. आपल्या नवऱ्याने पिंपात चोरकप्पा केलाय.

रिकामी बादली तशीच ठेवून ती घराकडे निघाली. वाटेत तिला एका बाईने काहीतरी विचारलं, ते तिला ऐकूच आलं नाही.

पत्रेवाला गोठ्याच्या छपराची भोकं बुजवत होता. ती शिडीखाली जाऊन उभी राहिली.

"खाली या."

"एवढा तुकडा बसवून येतो."

"आत्ता खाली या!"

तो उतरला. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी असं बोलली नव्हती. ती त्याला गोठ्यात घेऊन गेली, कारण घरात म्हातारीचे कान होते.

"खरं सांगा," ती म्हणाली. "पिंपात काय करून ठेवलंय तुम्ही?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा आधी कोरा होता, मग रागाने लाल झाला. "मी? मला विचारतेस? तू काय केलंस ते आधी सांग ना!"

"मी काय केलं?"

"झाकण घासायला मी कानस आणायला आत गेलो, तेव्हा पिंपापाशी तू एकटी होतीस. आणि संध्याकाळी तुझंच नाव निघालं. तिकीट घेतल्याचंही मला सांगितलं नव्हतंस. मी काय समजायचं?"

पत्रेवालीण गव्हाणीच्या काठावर बसली. "आणि मी पाणी आणायला गेले तेव्हा तुम्ही एकटे होता," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही माझी चिठ्ठी वर काढून ठेवलीत."

गाय मान वळवून दोघांकडे बघत होती.

"म्हणून गप्प होतो मी," तो म्हणाला. "कुणी विचारायला आलंच असतं तर म्हणणार होतो, मी केलं. तुझ्यावर येऊ देणार नव्हतो."

"आणि मीही तेच म्हणणार होते," ती म्हणाली, आणि तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. "मला चोर समजलात तुम्ही! इतके दिवस एका घरात राहून, माझ्या हातचं खाऊन!"

"तू मला काय समजलीस?"

तिचा राग आपोआप खाली बसला. नवरा चोर नाही, एवढं एक तिला कळलं होतं, आणि ते इतकं मोठं होतं की त्याखाली बाकीचं काही वेळ दिसेचना. मग तिला सळसळ आठवली.

तिने सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. तिचं बोलणं संपल्यावर त्याने तिचा उजवा हात उलटा केला. तळव्यावर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पांढरा व्रण होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्याने केलेल्या बादलीच्या काठाने तो हात चिरला होता. तेव्हापासून तो कुठल्याही वस्तूची धार हाताच्या बाजूला ठेवत नसे. जिथे माणसाचा हात लागायचा, तिथून पत्र्याचा काठ दुसरीकडे वळवायचा. गावातल्या सगळ्या बादल्या, कोठ्या, झाकणं तशीच होती.

"पिंप बाहेरून हाताने फिरवायचं होतं," तो म्हणाला. "म्हणून सगळे काठ आत दुमडले. टोकांना आतून डाख देऊन फट बुजवायला हात पोचत नव्हता. म्हटलं, कोण आत बघतंय. दुमड तिथे उघडीच राहिली." त्याने कपाळावर हात मारून घेतला. "पिंप फिरवताना चिठ्ठ्या तिथे जाऊन बसल्या असणार. आधी टाकलेल्या जास्त. तुझी शेवटी पडली, मोकळीच राहिली."

"म्हणजे आपण काही केलं नाही."

"केलं ना. काम वाईट केलं मी."

हे तो ज्या आवाजात बोलला त्यावरून तिला कळलं की चोर म्हटलेलं त्याला एवढं लागलं नव्हतं. चोर म्हणणाऱ्याला खोटं पाडता येतं. पण त्याच्या हातचं पिंप आतून खोटं होतं, आणि ते त्याला स्वतःलाच म्हणावं लागत होतं.

"उद्या वरच्या कचेरीतून चौकशीच्या बाई येणार आहेत," ती म्हणाली.

"हो."

"त्यांना कळणार नाही. आत बघितलं तर रिकामं दिसतं."

"हो."

गोठ्याच्या पोत्यामागून म्हातारीचा आवाज आला. तिचे कान गोठ्यापर्यंतही पोचत होते. "मग गप्प बसा ना दोघं! गाय दूध देतेय, वासरू उड्या मारतंय. कुणाचं काय गेलंय? कुणी मुद्दाम केलंय का?"

पत्रेवालिणीने गाईच्या मानेवर हात ठेवला. ती गरम होती, नाडी लागत होती. वासरू तिच्या पायांत घुसलं. हे आपलं आहे असं आज पहिल्यांदा खऱ्या मनाने म्हणता आलं असतं, आणि आजच ते आपलं नाही असं कळलं होतं. तिला म्हातारीचं ऐकावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. ओढ्यातलं गवत, सोललेली बोटं, रोजची ती बादली, हे सगळं तिने कुणासाठी केलं होतं?

"कातर कुठे आहे?" शेवटी तिनेच विचारलं.

चौकशीच्या बाई तरुण होत्या, धुळीने त्यांचे डोळे चुरचुरत होते आणि त्यांना परतीची गाडी गाठायची होती. त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात खुर्ची टाकली. अध्यक्षांना बोलतं केलं, दूधवालीला बोलतं केलं, बॅटरी मारून पिंपात पाहिलं. पटांगणात सोडतीच्या दिवसाएवढीच गर्दी होती.

"पिंप बाहेर पाठवलं ही संस्थेची चूक आहे, तिचं मी वेगळं बघेन," त्या म्हणाल्या. अध्यक्षांनी घाम पुसला. "पण या पत्रेवाल्यांनी मोबदला घेतलेला नाही, तिकीट विकलेलं नाही. नुसतं पिंप बनवणारा हा सोडत चालवणारा होत नाही, म्हणून घरच्यांनी तिकीट घेतलं त्यात गैर नाही. ढवळाढवळ झाल्याचा पुरावा दिसत नाही. बक्षीस कायम."

दूधवालीने हात झटकला. "पुरावा कुठून दिसणार? चोर काय पाटी लावून ठेवतो?"

पत्रेवाला पुढे आला. त्याच्या हातात कातर बघून दोघं-तिघं मागे सरकले. "बाई, थांबा," तो म्हणाला. "पिंप फिरवून बघा."

बाईंनी फिरवलं. सगळे गप्प होते म्हणून सळसळ पार मागेपर्यंत ऐकू गेली. मग त्याने पिंप उभं केलं, गुडघ्यांत धरलं आणि टोकाच्या सांध्यात कातर घातली. पत्रा कर्रकर्र वाजत फाटत गेला. तो स्वतःचंच काम कापत होता आणि ते बघायला गावाने टाचा वर केल्या होत्या. दुमड उचकटली तशा चिठ्ठ्या पडायला लागल्या. चिमटीत धरून ओढाव्या लागल्या त्या वेगळ्याच.

"चोरकप्पा! बघा, चोरकप्पा!" कुणीतरी ओरडलं.

"कप्पा नाही," पत्रेवाला म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "काठ आत वळवला होता. आतून बंद केला नाही. माझी चूक."

नर्सबाई एकेक चिठ्ठी उचलून वाचायला लागल्या, आणि दूधवालीचं नाव इतक्यांदा आलं की शेवटी लोक हसायला लागले. ती हसली नाही. "मी म्हणत होते ना," ती हळू आवाजात म्हणाली. "मी म्हणत होते, काहीतरी आहे." आणि त्यात खोटं काही नव्हतं.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "मुद्दाम केलं की चुकून झालं, हे नियमाला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येक तिकिटाला सारखी संधी नव्हती. सोडत रद्द. आत्ताच, माझ्यासमोर, पुन्हा काढा." मग पत्रेवाल्याकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "मी निकाल दिलाच होता हो."

"ऐकलं मी," तो म्हणाला.

गर्दीत लगेच कुजबुज सुरू झाली. "पकडला जाणार होता म्हणून स्वतःच कापलं. हुशार आहे." पत्रेवालिणीने ते ऐकलं आणि तिला कळून चुकलं की या गावात त्याने पिंपच काय, छाती कापून दाखवली असती तरी लोकांनी आत कप्पा शोधला असता.

या वेळी पत्रा नको म्हणून दवाखान्यातली औषधाची सगळ्यात मोठी काचेची बरणी आणली. पोत्याची लाख फोडली. सगळ्या चिठ्ठ्या बरणीत पडताना बाहेरून दिसत होत्या. त्यात पत्रेवालिणीचीही एक होती.

ती भिंतीला टेकून उभी होती. पहिल्या सोडतीला तिने मनात गाय मागितली होती. आज ती मागत होती की आपलं नाव येऊ नये. आज ते पुन्हा आलं असतं तर गावाने त्यांना जगू दिलं नसतं. नाव येऊ नये, येऊ नये, असं ती म्हणत होती आणि तिच्या हाताला गाईच्या मानेची ऊब आठवत होती. नर्सबाईंनी हात घातला. चिठ्ठी उघडली.

दूधवालीचं नाव निघालं.

पत्रेवालिणीने सुस्कारा सोडला. मग भिंतीला धरून ती खाली बसली. मागितलं तेच मिळालं होतं, तरी असं का होतंय ते तिला कळेना. पत्रेवाल्याने तिला उठवलं. सगळ्यांसमोर तिचा हात धरण्याची त्याची आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती.

गाय न्यायला दूधवालीची माणसं आली, पण गाय जागची हलेना. दावं ओढलं तर तिने पाय रोवले, काठी उगारली तर शिंग दाखवलं. शेवटी पत्रेवालिणीनेच वासरू पुढे घातलं आणि गाय तिच्या मागून गुमान चालत गेली. म्हातारी उंबऱ्यातून म्हणाली, "एक वाटी, बाई. एक वाटी सुद्धा नाही." ती कुणाशी बोलत होती कोण जाणे.

दूधवालीच्या गोठ्यात सारवलेली जागा होती, गव्हाणीत कडबा होता. गाय बांधल्या बांधल्या दूधवालीने वाकून कास चाचपली. "सकाळची धार काढून तर आणली नाही ना?"

"सकाळपासून तिथेच उभी होते मी, दवाखान्यात. तुमच्यासमोर. कास भरलीय, बघा."

दूधवाली बादली घेऊन बसली. तिचा हात सडाला लागताच गाईने लाथ झाडली, बादली पार दारापर्यंत गेली. दुसऱ्यांदा बसली, दुसऱ्यांदा तेच. दूधवालीने आयुष्यभर धारा काढल्या होत्या. तिची माणसं बघत होती. तिचे कान लाल झाले.

"तुम्हीच काढा आज," ती पत्रेवालिणीला म्हणाली. "उद्यापासून होईल सवय."

पत्रेवालिणीने बादली उचलून आणली. बादली तिच्या नवऱ्याच्या हातचीच होती, काठ बाहेर वळवून दाबलेला, बोट फिरवलं तरी कुठे टोचत नव्हता. ती बसली, कपाळ गाईच्या पोटाला टेकवलं, आणि गाईने पान्हा सोडला. धार वाजायला लागली. दूधवाली मागे उभी राहून बादलीकडे बघत होती, तिच्या हातांकडे बघत होती. बघू दे, पत्रेवालीण मनात म्हणाली. वासरापुरतं सडात ठेवून तिने हात पुसले, बादली उचलली आणि निघाली. फेसाने काठापर्यंत भरलेली बादली न हिंदकळता न्यायची तिला सवय झाली होती. दार ओलांडलं, अंगण ओलांडलं, रस्त्याला लागली.

"अहो, अहो!" मागून दूधवाली किंचाळली. "माझं दूध घेऊन कुठे निघालात?"

रस्त्यावरची माणसं थांबली. सगळ्या माना वळल्या. पत्रेवालीण भर रस्त्यात बादली घेऊन उभी होती, आणि तिचे पाय दवाखान्याच्या वाटेला लागलेले होते.

तिने बादलीकडे पाहिलं. मग पायांकडे. "दवाखान्यात," ती म्हणाली.

दूधवाली पदर खोचून तावातावाने जवळ आली, बादलीचा कान तिने धरलासुद्धा. मग तिने वाटेकडे पाहिलं आणि ती वाट कुठे जाते ते तिच्या ध्यानात आलं. रोज हीच बाई, हीच बादली, याच वाटेने. आणि ती स्वतः दारात उभी राहून म्हणायची, अर्धं घरी पितात मेली. तिने बादली हातात घेतली, पण लगेच आत गेली नाही.

"रोज एवढंच असायचं?" तिने विचारलं.

"गवत मिळालं तर एवढं. नाहीतर कमी."

"आणि घरी?"

"घरी काही नाही."

दूधवालीने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. खरं आहे की नाही ते ती अजूनही बघतच होती. तो तिचा स्वभाव होता आणि तो एका दिवसात जाणारा नव्हता. "उद्या पहाटे या धार काढायला," ती म्हणाली. "गाय मला धार काढू देणार नाही, दिसतंच आहे. आणि येताना म्हातारीसाठी भांडं घेऊन या." दोन पावलं जाऊन ती वळली. "पण भांडं मी भरणार. तुम्ही नाही."

"बरं," पत्रेवालीण म्हणाली.

ती रिकाम्या हातांनी घरी निघाली. घराजवळ आल्यावर तिला ठोकण्याचा आवाज ऐकू आला. पत्रेवाल्याने फाटलेलं पिंप परत आणलं होतं. सगळे काठ उचकटून त्याने पत्रा पसरला होता आणि एकेक काठ बाहेर वळवून, दाबून तो पुन्हा नव्याने बसवत होता. कुणी मागितलं नव्हतं. त्याच्या बोटातून रक्त येत होतं.

"कुणासाठी करताय?" तिने विचारलं.

"कुणासाठी नाही," तो म्हणाला. "धर जरा इकडून."

तिने पदर हाताला गुंडाळला आणि धरलं.